मांजराची किडनी आणि घरातल्यांचा धीर

दहा-बारा वर्षे घरात वावरलेली मनी अलीकडे सारखी पाण्याच्या भांड्यापाशी दिसते. पूर्वी दिवसातून एक-दोनदा पाण्याला जीभ लावणारी मनी आता न्हाणीघरातल्या बादलीत तोंड घालते, कुंडीखालच्या ताटलीतले पाणी पिते. तिची वाळूची पेटी दिवसातून दोनदा बदलावी लागते. पाठीवरून हात फिरवला तर कण्याचे मणके बोटांना लागतात. घरातले म्हणतात, "उन्हाळा आहे, शिवाय वयही झाले." नाशिकचा पारा एप्रिल-मे महिन्यांत चाळीस अंशांपर्यंत जातो, हे खरेच आहे. मात्र म्हाताऱ्या मांजराची तहान वाढत असेल आणि वजन उतरत असेल, तर तो दोष उन्हाळ्याचा नसतो. पुष्कळ वेळा ती मूत्रपिंडाच्या, म्हणजे किडनीच्या जुनाट आजाराची पहिली सूचना असते.

हा आजार मांजरांत फार आढळतो. दहा वर्षांवरील मांजरांपैकी सुमारे तीस ते चाळीस टक्के मांजरांना तो कमी-अधिक प्रमाणात गाठतो. तो पूर्ण बरा होत नाही. डॉक्टरांच्या तोंडून हे वाक्य ऐकले की घरातल्यांचा धीर सुटतो. कोणी रोज नवा उपाय शोधत धावाधाव करतात, तर कोणी "आता काय उपयोग" म्हणून सगळेच सोडून देतात. या दोन्हींमुळे मांजराचे नुकसान होते. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या माणसाला आपण जसे वर्षानुवर्षे सांभाळतो, तसेच या मांजरालाही सांभाळता येते. आजार कायमचा घालवणे आपल्या हाती नाही, पण मांजराचा आजचा दिवस चांगला जावा एवढे करणे बहुतेक वेळा आपल्या हाती असते. हे एकदा मनाने स्वीकारले की पुढची वाट बरीच सोपी होते.

मांजराची किडनी लवकर का थकते?

आपल्या घरातल्या मांजराचे पूर्वज आफ्रिका आणि पश्चिम आशियाच्या कोरड्या मुलखातली रानमांजरे होती. पाणी दुर्मीळ असल्याने भक्ष्याच्या मांसातल्या ओलाव्यावरच त्यांची बरीचशी गरज भागे. त्यामुळे मांजराची तहान मुळातच कमी असते आणि त्याची किडनी थोड्या पाण्यात पुष्कळ घाण बाहेर टाकते. मांजराची लघवी एवढी दाट आणि उग्र वासाची असते, त्याचे कारणही हेच.

मांजराच्या एका मूत्रपिंडात सुमारे दोन लाख सूक्ष्म गाळण्या असतात. वय, जुना संसर्ग, खडे, विषबाधा, जन्मजात दोष अशा निरनिराळ्या कारणांनी त्या एकेक करून निकामी होतात. पुष्कळदा मूळ कारण सापडतही नाही. निकामी झालेली गाळणी पुन्हा तयार होत नाही, उरलेल्या गाळण्यांवर कामाचा बोजा वाढतो. सुमारे दोन तृतीयांश गाळण्या गेल्या की लघवी दाट करण्याची शक्ती कमी होते. मग लघवी पातळ आणि भरपूर होते, आणि शरीरातून गेलेले पाणी भरून काढण्यासाठी मांजर सतत पाणी पिते. अनेक लोक अशा मांजराचे पाणी कमी करतात. तसे कधीही करू नये. ही तहान हाच त्याचा जगण्याचा आधार असतो. सुमारे तीन चतुर्थांश गाळण्या गेल्या की युरिया, क्रिएटिनीन यांसारखी घाण रक्तात साचू लागते आणि मग भूक मंदावणे, मळमळ, अशक्तपणा ही लक्षणे दिसतात.

म्हणजे लक्षणे दिसेपर्यंत आजार बराच पुढे गेलेला असतो. त्यामुळे "आधी का कळले नाही" म्हणून घरातल्यांनी स्वतःला दोष देऊ नये. शिवाय मांजर आपले दुखणे लपवते, हा त्याचा स्वभावच आहे.

ही चिन्हे ओळखा

वाढलेली तहान, भरपूर लघवी आणि उतरणारे वजन ही तीन मुख्य चिन्हे आहेत. त्यांच्या जोडीला पुढील गोष्टी दिसू शकतात.

खाण्याजवळ येऊन वास घेणे आणि तोंड फिरवून निघून जाणे. ओठ चाटत राहणे, लाळ गळणे. सकाळी उलटी होणे. तोंडाला घाण वास येणे. अंग चाटून स्वच्छ ठेवणे थांबल्याने केस राठ आणि गुंतलेले दिसणे. बद्धकोष्ठता. हिरड्या फिकट पडणे, कारण किडनी नीट काम करीत नसेल तर रक्त तयार होण्यावरही परिणाम होतो. मान खाली झुकलेली राहणे, याचे एक कारण रक्तातले पोटॅशियम कमी होणे हे असते.

मांजर एकाएकी भिंतीला धडकू लागले किंवा त्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्याच राहिल्या, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. किडनीच्या आजारात रक्तदाब वाढतो, त्याने डोळ्याचा पडदा सुटून एका रात्रीत अंधत्व येऊ शकते.

आणखी एक फरक ध्यानात ठेवावा. बोका पेटीत वारंवार जाऊन बसतो, कण्हतो, पण लघवीचा थेंबही येत नाही, हा वेगळा आणि तातडीचा प्रकार आहे. त्याची लघवी तुंबलेली असते. एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. सकाळची वाट न पाहता लगेच दवाखान्यात न्यावे.

तपासणी आणि आकड्यांचा अर्थ

तहान आणि वजनातली घट मधुमेहातही असते आणि थायरॉइड ग्रंथी जास्त काम करू लागली तरी असते. म्हणून अंदाजाने औषध सुरू करू नये. रक्त, लघवी आणि रक्तदाब यांची तपासणी करून घ्यावी. जमल्यास सोनोग्राफी करावी.

रक्तातल्या क्रिएटिनीनवरून पशुवैद्यक या आजाराच्या चार पायऱ्या मानतात. एका डेसिलिटरमागे १.६ मिलिग्रॅमच्या आत पहिली, १.६ ते २.८ दुसरी, २.९ ते ५ तिसरी आणि ५ च्या पुढे चौथी. पहिल्या पायरीत क्रिएटिनीन ठीक असले तरी लघवी किंवा सोनोग्राफीत दोष सापडतो. लहान गावात मांजराचे रक्त कधी कधी माणसांच्या लॅबमध्ये तपासले जाते. त्या कागदावर छापलेली कमाल-किमान मर्यादा माणसांची असते, ती मांजराला लावून घाबरू नये. तसेच मांजर कोरडे पडलेले असताना आकडा फुगलेला येतो. सलाईन दिल्यावर आणि प्रकृती स्थिरावल्यावर पुन्हा तपासून मगच पायरी ठरवावी. याच्या उलट, फार खंगलेल्या मांजरात स्नायू कमी असल्याने क्रिएटिनीन खोटे कमी दिसू शकते. अशा वेळी एसडीएमए नावाची रक्ततपासणी उपयोगी पडते.

घरातल्यांचा पहिला प्रश्न असतो, "किती दिवस?" दुसऱ्या पायरीवर लक्षात आलेली अनेक मांजरे दोन-तीन वर्षे, काही त्याहून अधिक जगतात. तिसऱ्या पायरीवर पुष्कळदा एक-दोन वर्षे मिळतात. चौथ्या पायरीवर हिशेब महिन्यांचा, कधी आठवड्यांचा असतो. अर्थात प्रत्येक मांजर वेगळे असते. एका रिपोर्टवरून भविष्य ठरवू नये.

नेहमीची देखभाल नाशकातच, आपल्या पशुवैद्यकांकडे किंवा सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात होऊ शकते. गुंतागुंत झाली तर मुंबईत परळचे बाई साकराबाई दिनशा पेटीट रुग्णालय, परळचेच १८८६ साली सुरू झालेले पशुवैद्यक महाविद्यालय आणि २०२४ साली महालक्ष्मी येथे सुरू झालेले टाटा ट्रस्ट्सचे प्राण्यांचे रुग्णालय आहे. मात्र अशक्त मांजराला कसारा घाट उतरून नेण्याआधी आपल्या डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारावा: तिथल्या तपासणीने उपचारात काही बदल होणार आहे का? होणार नसेल, तर तो प्रवास मांजराला केवळ त्रास देतो.

पाणी आणि खाणे हेच मोठे औषध

पाणी चोवीस तास समोर हवे. एकाऐवजी तीन-चार ठिकाणी ठेवावे. भांडे रुंद असावे, कारण मिशा कडेला घासल्या की काही मांजरांना आवडत नाही. पाण्याचे भांडे जेवणाच्या ताटलीपासून आणि वाळूच्या पेटीपासून दूर ठेवावे. काहींना माठातले गार पाणी आवडते, काहींना नळाची बारीक धार. आपल्या मांजराची आवड पाहावी. दिवसातून दोनदा पाणी बदलावे. खाण्यातही कोमट पाणी मिसळावे.

खाण्यातला मुख्य शत्रू आहे फॉस्फरस. थकलेली किडनी तो बाहेर टाकू शकत नाही आणि साचलेला फॉस्फरस उरलेल्या गाळण्यांचे नुकसान करतो. यासाठी फॉस्फरस कमी आणि प्रथिने बेताची असलेले किडनीच्या मांजरांचे खास तयार अन्न मिळते. लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजमधील डॉक्टरांनी २००० साली प्रसिद्ध केलेला अभ्यास बोलका आहे. असे अन्न खाणाऱ्या आजारी मांजरांपैकी निम्मी ६३३ दिवसांहून अधिक जगली. नेहमीचे अन्न खाणाऱ्यांत हाच आकडा २६४ दिवसांचा होता. खाण्यातला बदल केवढे काम करतो, हे यावरून दिसते.

आता आपल्याकडचे प्रश्न पाहू. मांजर म्हटले की आपण दूध-पोळी पुढे करतो. मोठ्या मांजरांपैकी अनेकांना दूध पचत नाही, शिवाय दुधात फॉस्फरसही भरपूर असतो. पोळी-भातात मांजराला लागणारी प्रथिने नसतात. सुकट आणि सुके बोंबील मांजराला प्रिय असतात, पण त्यांत मीठ आणि फॉस्फरस दोन्ही फार. आजारी मांजराला ते नियमाने देऊ नयेत. काही शाकाहारी घरांत "किडनीला प्रथिने वाईट" हे ऐकून मांजराला संपूर्ण शाकाहारी करतात. तेही घातक आहे. मांजर जातीने मांसाहारी आहे. टॉरिन नावाचा जरुरीचा घटक त्याला मांसातूनच मिळतो, त्याच्या अभावी डोळे आणि हृदय बिघडते.

खास अन्न महाग पडते, हे मान्य आहे. ते परवडत नसेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. बिनमिठाचे, कांदा-लसूण न घातलेले, हाडे काढलेले उकडलेले चिकन आणि अंड्याचा पांढरा भाग यांच्या आधाराने, वरून पूरक औषधे देऊन घरचा आहार ठरवता येतो. तो स्वतःच्या मनाने ठरवू नये. कांदा आणि लसूण मांजराचे रक्त नासवतात, म्हणून आपल्या रश्श्यातला तुकडा धुऊन देणेही नको.

नवे अन्न एकदम सुरू करू नये. दोन-तीन आठवडे जुन्यात थोडे थोडे मिसळत जावे. मळमळ असताना नवे अन्न दिले की मांजर त्याचा कायमचा तिटकारा धरते. आधी मळमळीचे औषध, मग नवे अन्न असा क्रम ठेवावा. "भूक लागली की खाईल" हा न्याय मांजराला लागू नाही. दोन-तीन दिवस उपाशी राहिलेल्या मांजराच्या यकृतात चरबी साचून दुसरेच जीवघेणे दुखणे उभे राहते. खास अन्न खाल्लेच नाही, तर जे खाते ते द्यावे. पोटात काही जाणे अधिक महत्त्वाचे.

घरची सलाईन आणि गोळ्या

आजार वाढला की मांजर पिऊन पिऊनही कोरडे पडते. मग डॉक्टर कातडीखाली सलाईन द्यायला सांगतात. शिरेतून देण्यासारखे हे अवघड काम नाही. खांद्यांमधली सैल कातडी चिमटीत धरून सुई आत सरकवायची आणि ठरलेले सलाईन सोडायचे. चार किलोच्या मांजराला एका वेळी साधारण १०० मि.ली.च्या आसपास देतात, पण प्रमाण आणि दिवस डॉक्टरांनीच ठरवावेत. हृदयाचा आजार असेल तर जास्तीचे पाणी फुप्फुसात उतरू शकते. साखरेचे, म्हणजे डेक्स्ट्रोजचे सलाईन कातडीखाली देऊ नये. बाटली कोमट पाण्यात ठेवून अंगाच्या उबेइतकी करावी, मांजर शांत बसते. दिल्यावर खांद्यावर उंटासारखा फुगवटा दिसतो किंवा पाणी पुढच्या पायाकडे उतरते. काही तासांत ते जिरते.

प्रत्येक वेळी नवी निर्जंतुक सुई वापरावी. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या डब्यात साठवून दवाखान्यात परत द्याव्यात. घंटागाडीत सुट्या टाकल्या तर सफाई कामगाराच्या हाताला टोचतील.

गोळी दिल्यावर सिरिंजने, सुई न लावता, चार-पाच मि.ली. पाणी हळूहळू पाजावे. कोरडी गोळी अन्ननलिकेत अडकून जखम करते. फॉस्फरस बांधून ठेवणारे औषध मात्र अन्नात मिसळूनच द्यायचे असते, उपाशीपोटी त्याचा उपयोग होत नाही. रक्तदाबाची गोळी मनाने बंद करू नये.

घरातल्या कपाटातले विष

मांजर कण्हते आहे म्हणून पॅरासिटामॉलची गोळी देणारे लोक आजही आहेत. माणसाची ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. हे औषध निकामी करण्याची व्यवस्था मांजराच्या यकृतात जवळजवळ नसते. रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती जाते, हिरड्या तपकिरी पडतात, तोंड सुजते. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक या गोळ्या थेट किडनीवर घाव घालतात.

डायक्लोफिनॅक काय करू शकते याचा धडा नाशिककरांना दूर शोधायला नको. त्र्यंबकेश्वरच्या वाटेवर अंजनेरीच्या कड्यांवर गिधाडे घरटी करतात. १९९० च्या दशकापासून भारतातील गिधाडे झपाट्याने मरू लागली. डायक्लोफिनॅक दिलेल्या जनावराचे मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होतात, हे २००४ साली सिद्ध झाले आणि २००६ साली भारतात जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. एका जिवाला चालणारे औषध दुसऱ्याच्या किडनीचा काळ ठरते, याचे याहून मोठे उदाहरण नाही.

लग्नसमारंभातल्या पुष्पगुच्छात कर्ण्यासारखी मोठी लिलीची फुले असतात. या खऱ्या लिलीचे पान, फूल, पराग आणि फुलदाणीतले पाणीसुद्धा मांजराची किडनी काही दिवसांत बंद पाडते. असा गुच्छ मांजराच्या घरात आणूच नये. नाशिक द्राक्षांचे गाव आहे, म्हणून हेही सांगतो: द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्यांच्या किडनीला घातक आहेत. मांजर ती सहसा खात नाही, तरी दोघांपासूनही दूर ठेवावीत.

गोखरू, पुनर्नवा यांचे माणसांसाठीचे काढेही डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाजू नयेत.

एक वही ठेवा

या आजारात दोनशे पानी वहीचा फार उपयोग होतो. रोज सकाळी पाणी मोजून ठेवावे, दुसऱ्या दिवशी उरलेले मोजावे. चार किलोच्या मांजराचे रोजचे पिणे २०० मि.ली.च्या आसपास गेले तर ती वाढलेली तहान समजावी. खाणे निम्मे की पूर्ण, उलटी झाली का, शौचास झाली का, एवढे लिहावे. आठवड्यातून एकदा वजन करावे. घरी काटा नसेल तर ओळखीच्या किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर टोपलीसह करावे आणि टोपलीचे वजन वजा करावे. चार किलोचे मांजर २०० ग्रॅमने उतरले, तर ते साठ किलोचा माणूस तीन किलोंनी उतरल्यासारखे आहे.

प्रत्येक पानावर आणखी एक ओळ लिहावी: आजचा दिवस मांजरासाठी चांगला गेला की वाईट? आपल्या आवडत्या खिडकीत बसले का, अंग चाटले का, दाराशी सामोरे आले का, हाक मारल्यावर शेपटी हलवली का, यांवरून ते ठरवावे. मांजराला क्रिएटिनीन कळत नाही, त्याला आजचे ऊन कळते. या ओळीचा उपयोग पुढे होणार आहे.

सांभाळणाऱ्याची प्रकृती

हे सदर माणसांच्या आरोग्याचे आहे आणि मांजराचे दुखणे इथे येण्याचे कारणही तेच. अमेरिकेतील केंट स्टेट विद्यापीठाच्या मेरी बेथ स्पिट्झनागल आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. दीर्घ आजाराचे पाळीव प्राणी सांभाळणाऱ्या लोकांत ताण, उदासी आणि चिंता ही निरोगी प्राणी असलेल्यांपेक्षा जास्त आढळली. आजारी माणसाची सेवा करणाऱ्यांना जो शीण येतो, त्याच जातीचा हा शीण आहे.

आपल्याकडे त्यात एक भर पडते. आईच्या आजारपणात चार माणसे विचारपूस करतात. मांजराच्या आजारपणात लोक म्हणतात, "एका मांजरासाठी एवढे?" ज्या समाजात मांजर मेले तर काशीला सोन्याचे मांजर द्यावे लागते असे म्हणतात, तिथे जिवंत मांजराच्या शुश्रूषेला मात्र हसतात. मुले परगावी असलेल्या, एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांसाठी तर ते मांजर दिवसभराची सोबत असते. अशा वेळी मनातली भीती बोलायलाही लाज वाटते. ती वाटू देऊ नये.

काही साध्या गोष्टी पाळाव्यात. कामे वाटून घ्यावीत: एकाने गोळी, दुसऱ्याने सलाईन, मुलांनी पाण्याची मोजणी. निदान दोघांना सलाईन देता आली पाहिजे, म्हणजे लग्नकार्यासाठी गावाला जाणे अडत नाही. खर्चाची मर्यादा घरात बसून आधीच ठरवावी आणि ती डॉक्टरांना सांगावी. "एवढ्यात काय करता येईल?" असे विचारण्यात कमीपणा नाही. पाणी, योग्य खाणे, मळमळ आणि रक्तदाबाची औषधे हे मुख्य उपाय बहुतेकांच्या आवाक्यात बसू शकतात. एखादी गोळी मांजराने थुंकली, एक दिवस सलाईन चुकली, म्हणून मनाला लावून घेऊ नये. गोळीच्या झटापटीत मांजर आपल्याला पाहताच पलंगाखाली पळू लागले असेल, तर कोणती औषधे अगदी जरुरीची आहेत ते डॉक्टरांना विचारून बाकीची कमी करावीत. आणि रोज पंधरा मिनिटे औषधाशिवाय त्याच्याजवळ बसावे. आपला हात म्हणजे केवळ सुई, असे त्याला वाटू नये.

झोप उडाली, जेवण जाईना, कामात लक्ष लागेना, असे दोन आठवड्यांहून अधिक चालले तर स्वतःसाठी डॉक्टरांना भेटावे. कारण मांजर आहे असे सांगायला संकोच करू नये.

निरोपाची वेळ

एक दिवस वहीत वाईट दिवसांच्या ओळी चांगल्यांपेक्षा जास्त होतात. मांजर खात नाही, उठत नाही, कोपऱ्यात लपून राहते, औषधांचाही उपयोग होत नाही. आजवर लिहिलेली ती ओळ तेव्हा आपल्याला खरे सांगते. कारण रोज पाहणाऱ्या डोळ्यांना हळूहळू होणारी घसरण दिसत नाही.

अशा वेळी पशुवैद्यक वेदनारहित मरणाचा मार्ग सुचवू शकतात. आधी गुंगीचे औषध देऊन मग इंजेक्शन दिले जाते. काही घरांत हे मनाला पटत नाही, नैसर्गिक मरणच हवे असते. त्या मताचा आदर आहे. मात्र तेव्हाही मळमळ आणि वेदना कमी करणारी औषधे चालू ठेवावीत. उपचार थांबवणे आणि वाऱ्यावर सोडणे यांत फरक आहे. कोणताही निर्णय रात्री उशिरा, एकट्याने, रडता रडता घेऊ नये. घरातल्यांनी आणि डॉक्टरांनी मिळून तो घ्यावा.

लहान मुलांना "मनी गावाला गेली" किंवा "झोपली" असे सांगू नये. मुले वाट पाहतात किंवा झोपायला घाबरतात. "तिची किडनी थकली होती, ती वारली" असे सोप्या शब्दांत खरे सांगावे. मांजर गेल्यावर घर रिकामे वाटणे, दारात तिचा भास होणे यात वेडेपणा काही नाही. रडू आले तर रडावे. दुसरे पिल्लू लगेच आणण्याची घाई करू नये, आणि आणलेच तर तो पहिल्याशी द्रोह आहे असेही मानू नये.

वाचकांच्या मनातल्या काही शंका

हा आजार घरातल्या माणसांना किंवा दुसऱ्या मांजरांना लागतो का? नाही, तो संसर्गजन्य नाही. तरी वाळूची पेटी रोज साफ करावी, हात साबणाने धुवावेत. गर्भवती स्त्रियांनी हे काम दुसऱ्याकडे सोपवावे, कारण मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्माची बाधा होऊ शकते.

गोळी देताना मांजर चावले तर? जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी. मांजराचा दात खोल जातो आणि जखम लवकर चिघळते. रेबीजच्या लसीविषयीही विचारावे.

माणसासारखे डायलिसिस का करीत नाहीत? ते मुख्यतः अचानक बिघडलेल्या किडनीला सावरायला वेळ मिळावा म्हणून, फार थोड्या ठिकाणी करतात. जुनाट आजारात त्याचा उपयोग मर्यादित आहे.

आजार टाळता येतो का? पूर्णपणे नाही. पण सात वर्षांनंतर वर्षातून एकदा, दहा वर्षांनंतर सहा महिन्यांतून एकदा वजन, रक्त आणि लघवी तपासली तर तो लवकर सापडतो, आणि लवकर सापडला तर वर्षे मिळतात.

आपल्या घरात दहा वर्षांपुढचे मांजर असेल, तर आज संध्याकाळी तिला टोपलीत घालून वजन करा आणि तारखेसह लिहून ठेवा. महिन्याने पुन्हा करा. आकडा खाली आला, तर त्याच आठवड्यात ती वही घेऊन दवाखान्यात जा.